मोटारीच्या चाकाचा तुंबा आणि त्यातील बेअरिंगची झीज

गतवर्षीच्या पावसाळ्यानंतर प्रस्तुत लेखकाच्या वापरातील मोटारीतून एक घुमणारा आवाज येऊ लागला. वेग ताशी ४० किलोमीटरच्या पुढे गेला की तो कानी पडे, साठाच्या सुमारास स्पष्ट होई आणि उजवीकडे वळण घेताना आणखी चढे. गॅरेजातील अनुभवी कारागिराने गाडी चालवून पाहिली आणि पुढचे डावे बेअरिंग गेले आहे असा निर्णय दिला. त्यामागील नियम या धंद्यात सर्वश्रुत आहे. उजवीकडे वळताना गाडीचा भार डाव्या चाकांवर पडतो. सबब ज्या बाजूवर भार पडताच आवाज वाढतो ती बाजू दोषी समजावयाची. डावे बेअरिंग बदलले. आवाज होता तसाच राहिला. पुढे उजवे बदलले तेव्हा तो नाहीसा झाला. खर्च दुप्पट झाला हे तर खरेच. परंतु कारागिराने लावलेला नियम यंत्रशास्त्राला सोडून होता असे म्हणता येत नाही. मग चूक कोठे झाली, हा प्रश्न उरतो. त्याचे उत्तर तुंब्याची रचना, त्यावर येणारे भार आणि बेअरिंगच्या झिजेची रीत यांतून मिळते. आणि ते मिळविण्यास पदव्युत्तर वर्गातील विद्यार्थ्यास ठाऊक असलेल्या स्थितिशास्त्रापलीकडे फारसे काही लागत नाही.

प्रथम शब्दांविषयी. बैलगाडीच्या चाकाचे आरे मधल्या ज्या लाकडी ठोकळ्यात रोवलेले असतात त्यास आपल्याकडे तुंबा म्हणतात. मोटारीच्या चाकाचा ‘हब’ तो हाच. ‘बेअरिंग’ या शब्दासाठी मराठी परिभाषेत ‘धारवा’ हा चांगला शब्द रुळविण्यात आला आहे, आणि भार धारण करणारा या अर्थाने तो अन्वर्थकही आहे. तथापि ज्यांच्या हातून हे काम रोज होते ते सारे बेअरिंगच म्हणतात, म्हणून येथेही तोच शब्द ठेवला आहे. बेअरिंगच्या दोन कड्यांमध्ये गोळ्या ज्या खोलगट मार्गावरून लोळतात त्यास मात्र या लेखात चाकोरी म्हटले आहे.

बैलगाडीत तुंबा कण्यावर घासत फिरतो आणि मधले घर्षण वंगणाने कमी करावे लागते. घासण्याऐवजी लोळणे आणले तर घर्षण कितीतरी घटते, ही कल्पना जुनी आहे. वेल्समधील कारमार्थेन येथील फिलिप व्हॉन याने घोडागाडीच्या कण्यासाठी गोळ्यांच्या बेअरिंगचे एकस्व १७९४ मध्ये मिळविले. परंतु चाकाच्या तुंब्याचा खरा प्रश्न केवळ घर्षणाचा नव्हे. चाकावर वजन वरून येते आणि वळणावर बाजूनेही येते. अमेरिकेतील सेंट लुइस येथे घोडागाड्या बांधणाऱ्या हेन्री टिमकेन याने या दुसऱ्या भाराकडे लक्ष दिले आणि १८९८ मध्ये निमुळत्या रुळांच्या बेअरिंगचे एकस्व घेतले. रूळ निमुळता असल्यामुळे तो उभा आणि आडवा असे दोन्ही भार पेलतो. अशी दोन बेअरिंगे एकमेकांकडे तोंडे करून बसवावयाची, बाहेरून नट आवळून त्यांतील ढिलाई हवी तेवढीच ठेवावयाची आणि ठरावीक काळाने ती धुऊन नवे ग्रीस भरावयाचे, ही पद्धत मोटारींत अनेक दशके चालली. जड वाहनांत ती आजही आहे.

हलक्या मोटारींत आता वेगळी रचना असते. दोन ओळींत गोळ्या असलेले एकच बेअरिंग कारखान्यातच ग्रीस भरून व दोन्ही बाजूंनी सील लावून तयार होते. पहिल्या पिढीत ते चाकामागच्या ओतीव भागात, ज्यास कारागीर नकल म्हणतात त्यात, दाबून बसवीत. दुसऱ्या पिढीत एका कड्यालाच फ्लँज आला. तिसऱ्या पिढीत दोन्ही कड्यांना फ्लँज येऊन तुंबा आणि बेअरिंग ही एकच वस्तू झाली. ती बोल्टांनी जोडावयाची आणि बिघडल्यास संपूर्ण बदलावयाची. नट आवळण्याचे व ग्रीस भरण्याचे काम यामुळे संपले. हा लाभ लहान नाही. परंतु पूर्वी दर काही हजार किलोमीटरांनी कोणीतरी तुंबा उघडून आत डोकावत असे, ते आता होत नाही. मालकाकडे उरते ते बिघाड वेळीच ओळखण्याचे काम.

बेअरिंग झिजते म्हणजे काय होते? सहाणेवर चंदन झिजते तशी ही झीज नाही. गोळी आणि चाकोरी यांचा स्पर्श एका इवल्याशा लंबवर्तुळात होतो. अशा स्पर्शाचे गणित हाइनरिख हर्ट्झ याने १८८१ मध्ये मांडले. त्यावरून पाहता या ठिकाणी दाब १,००० मेगापास्कलच्याही वर सहज जातो. आणि नवल असे की, सर्वांत मोठे कर्तन प्रतिबल पृष्ठावर नसून पृष्ठाखाली मिलिमीटरच्या लहानशा अंशावर असते. प्रत्येक गोळी जाताना तेथील पोलाद एकदा दाबले जाते आणि सैल होते. अशी कोट्यवधी आवर्तने झाली की पोलादातील एखाद्या सूक्ष्म अशुद्ध कणापाशी तडा सुरू होतो, तो तिरका वर येतो आणि एक दिवस चाकोरीचा टवका उडतो. यास धातूची श्रांती म्हणतात. टवका उडेपर्यंत बाहेरून काहीही कळत नाही. उडाल्यानंतर प्रत्येक गोळी त्या खळग्याच्या कडेवर आपटते, कड ढासळत जाते आणि सुटलेले पोलादाचे कण ग्रीसमध्ये मिसळून इतर ठिकाणी नवे ओरखडे पाडतात.

श्रांतीचे हे आयुष्य मोजण्याचे सूत्र आर्व्हिड पामग्रेन व गुस्ताफ लुंडबर्ग यांनी १९४७ मध्ये प्रसिद्ध केले. एकसारख्या शंभर बेअरिंगांपैकी नव्वद ज्या भाराखाली दहा लक्ष फेरे पुरे करतील तो त्या बेअरिंगचा प्रमाणभार. प्रत्यक्ष भार त्याच्या जितके अंश कमी तितक्या गुणोत्तराचा घन केला की आयुष्य दहा लक्ष फेऱ्यांच्या पटीत मिळते. हे गोळ्यांसाठी, रुळांसाठी घाताचा अंक तीनऐवजी तीन पूर्णांक एक तृतीयांश असतो. एक बेअरिंग केव्हा जाईल हे सूत्र सांगत नाही, समूहातील दहावा हिस्सा केव्हा जाईल एवढेच सांगते, ही गोष्ट विद्यार्थी पुष्कळदा विसरतात.

आता लहान मोटारीचा हिशेब करू. माणसांसह गाडी १,००० किलोग्रॅमची धरली तर एका चाकावर सुमारे २,५०० न्यूटन भार येतो. बेअरिंगचा प्रमाणभार २५,००० न्यूटन धरू. गुणोत्तर १०, त्याचा घन १,०००. म्हणजे १०० कोटी फेरे. चाकाचा परीघ पावणेदोन मीटर असल्यास हे अंतर साडेसतरा लाख किलोमीटर होते. एवढी गाडी कोणी चालवीत नाही. या अंतराचा दहावा भाग होईपर्यंत शंभरात जेमतेम एखादे बेअरिंग श्रांतीने जावे, असे याच उपपत्तीवरून निघते. रस्त्यावरचा अनुभव इतका सुखाचा नाही हे प्रत्येक वाहनधारकास माहीत आहे. तेव्हा हिशेबात काहीतरी सुटले आहे.

सुटलेल्यांपैकी पहिली गोष्ट म्हणजे वळण. घाटातील जोरकस वळणात आडवे त्वरण गुरुत्व त्वरणाच्या तीन दशांशापर्यंत जाते असे धरू. गाडी उजवीकडे वळत असता डाव्या चाकावरचा उभा भार २,५०० वरून सुमारे ३,००० न्यूटन होतो. ही वाढ फार नाही. परंतु त्याच वेळी रस्ता टायरला आडवे ९०० न्यूटन बल लावतो, आणि ते लागते तुंब्याच्या खाली २८ सेंटिमीटरवर. त्याचे परिबल सुमारे २५० न्यूटन-मीटर होते. हे परिबल पेलावयास तुंब्याजवळ काय आहे? गोळ्यांच्या दोन ओळी, ज्यांचे परिणामी अंतर फार तर ६ सेंटिमीटर. म्हणजे प्रत्येक ओळीवर ४,२०० न्यूटनचे बल, एकीवर खाली व दुसरीवर वर. त्यात उभ्या भाराचा निम्मा वाटा मिळविला की गाडीकडच्या ओळीवर ५,७०० न्यूटन आणि बाहेरच्या ओळीवर उलट दिशेने २,७०० न्यूटन येतात. सरळ रस्त्यावर प्रत्येक ओळीवर १,२५० न्यूटनच होते. भार साडेचार पट झाला म्हणजे आयुष्य घनाच्या हिशेबाने नव्वदावर भाग उरते. उभे वजन हा तुंब्याचा मोठा शत्रू नव्हे. वळणातले परिबल हा आहे, आणि टिमकेनला घोडागाडीच्या काळातच त्याची चाहूल लागली होती.

याच हिशेबात आरंभीच्या कोड्याचे उत्तर आहे. उजव्या वळणात उजव्या चाकावरचा उभा भार घटून २,००० न्यूटन होतो, म्हणून कारागीर ते चाक निर्दोष ठरवितो. परंतु त्याही चाकावर ६०० न्यूटनचे आडवे बल आहेच. त्याच्या परिबलाने ओळींवर २,८०० न्यूटन येतात. या चाकाच्या बाबतीत परिबलाची दिशा उलट असल्यामुळे जास्त भार बाहेरच्या ओळीवर पडतो आणि तो ३,८०० न्यूटन भरतो. चाकावरचा भार कमी झाला, परंतु त्या एका ओळीवरचा तिप्पट झाला! गाडी डावीकडे वळते तेव्हा याच ओळीवर २,७०० न्यूटन येतात खरे, पण उलट दिशेने. म्हणजे न फिरणाऱ्या बाहेरील कड्याच्या वरच्या अर्धाऐवजी खालच्या अर्धावर. टवका वरच्या अर्धात असेल तर डाव्या वळणात तो मुका होतो आणि उजव्या वळणात बोलतो. हिशेब ढोबळ आहे. टायरचा मध्य बेअरिंगच्या मध्यावर धरला आहे आणि आडवे बल चाकांत उभ्या भाराच्या प्रमाणात वाटले आहे. तथापि निष्कर्ष या सवलतींवर अवलंबून नाही.

काढलेले उजवे बेअरिंग प्रयोगशाळेत कापून उघडले. गाडीकडची ओळ जवळजवळ नव्यासारखी होती. बाहेरच्या ओळीच्या चाकोरीत, कड्याच्या वरच्या भागात, बोटाच्या पेराएवढा लांबट खळगा होता आणि त्याच्या आसपास तांबूस गंजाच्या रेघा होत्या. कारागिराचा नियम गाडीकडच्या ओळीसाठी बरोबर आहे. सर्वाधिक भार त्याच ओळीवर येत असल्यामुळे तो बहुधा खराही ठरतो. परंतु बहुधा आणि नेहमी यांत अंतर आहे, आणि ते या वेळी एका बेअरिंगच्या किमतीएवढे होते.

गंजाच्या रेघा हिशेबातून सुटलेल्या दुसऱ्या गोष्टीकडे नेतात, आणि व्यवहारात तीच अधिक महत्त्वाची आहे. लोळणाऱ्या पृष्ठांमध्ये ग्रीसमधील तेलाचा अतिसूक्ष्म पापुद्रा असतो. त्यात अल्पसे पाणी मिसळले तरी तो तुटतो आणि पोलाद गंजते. पाणी आत जाते कसे? ब्रेक लावल्याने तुंबा तापतो, आतील हवा प्रसरण पावून थोडी बाहेर पडते. अशा तापलेल्या स्थितीत चाक रस्त्यावर साचलेल्या पाण्यात शिरले की तुंबा एकदम थंड होतो, आतील हवा आकुंचन पावते आणि सीलच्या ओठाशी असलेले पाणी आत ओढले जाते. आपल्याकडे जुलै-ऑगस्टमध्ये घाट उतरून पाणी साचलेल्या सखल रस्त्यावर येणारी प्रत्येक गाडी हा प्रयोग करून पाहत असते. त्याच दिवसांत पाण्याखाली दडलेले खड्डेही असतात. खड्ड्याच्या कडेवर चाक वेगाने आदळले की गोळ्या चाकोरीत कायमचे ठसे उमटवितात आणि पुढची श्रांती त्या ठशांपासून सुरू होते. उन्हाळ्यात ठसा, पावसाळ्यात पाणी आणि दिवाळीच्या सुमारास आवाज, असा क्रम गॅरेजवाल्यांच्या तोंडून ऐकावयास मिळतो तो निराधार नाही.

गाडी न चालविताही बेअरिंग बिघडू शकते, हे वाचून काहींस आश्चर्य वाटेल. अमेरिकेत डेट्रॉइटहून आगगाडीने पाठविलेल्या नव्या मोटारींच्या चाकांची बेअरिंगे मुक्कामी पोहोचेपर्यंत खराब झालेली आढळत. चाके फिरत नसत, पण डब्याच्या हिसक्यांनी रूळ जागच्या जागी किंचित हलत आणि मधले वंगण बाजूला सरून पृष्ठे खरवडली जात. जे. ओ. आल्मेन याने १९३७ मध्ये या प्रकाराचे विवेचन केले. वर्षानुवर्षे एका जागी उभ्या असलेल्या गाडीविषयी विचार करताना हे ध्यानात ठेवावे.

आता ओळखण्याविषयी. आवाज कोठून येतो यापेक्षा तो कशाबरोबर बदलतो हे पाहणे अधिक फलदायी असते, कारण पोलादी सांगाडा ध्वनी सर्वत्र पोहोचवितो आणि कान दिशेबाबत सहज फसतो. गाडी मोकळ्या सपाट रस्त्यावर वेगात असता गिअर न्यूट्रल करावा. इंजिनाचे फेरे उतरूनही आवाज तसाच राहिला आणि वेगाबरोबरच ओसरला, तर दोष इंजिनात नाही, फिरत्या चाकांच्या बाजूस आहे. नंतर टायरचा संशय फेडावा. टायरचा आवाज रस्त्याच्या पृष्ठावर अवलंबून असतो. काँक्रीटवरून गाडी डांबरी रस्त्यावर आली की तो पालटतो. बेअरिंगला रस्त्याचा पोत कळत नाही. विषम झिजलेला टायर हुबेहूब बेअरिंगसारखा घुमतो आणि त्यापायी निर्दोष बेअरिंगे काढली जातात. यास्तव चाके मागेपुढे बदलून पाहणे हा स्वस्त उपाय आधी करावा. आवाज चाकाबरोबर स्थलांतर करील तर दोष टायरचा.

ध्वनीची कंप्रता मोजण्याची सोय असल्यास निदान अधिक निश्चित होते. ताशी ६० किलोमीटर वेगाला वरील चाक सेकंदास सुमारे साडेनऊ फेरे घेते. ओळीत १३ गोळ्या असतील तर बाहेरील कड्यावरील खळग्यावर सेकंदास सुमारे ५० आघात होतात आणि आतील कड्यावरील खळग्यावर सुमारे ७५. आघातांची संख्या चाकाच्या फेऱ्यांच्या पूर्ण पटीत येत नाही, ही त्यांची खूण. टायरचे दोष बहुधा पूर्ण पटीत उमटतात. आज खिशातील फोनलाही कंपमापक असतो, आणि हा प्रयोग विद्यार्थ्यांनी अवश्य करावा.

कोणत्या चाकाचा दोष हे मात्र वळणावरून न ठरविता गाडी उचलून ठरवावे. जॅकच्या जोडीला भक्कम आधार द्यावा, चाक हाताने फिरवावे आणि दुसरा हात त्या चाकाच्या स्प्रिंगवर ठेवावा. बिघडलेल्या बेअरिंगची खरखर स्प्रिंगमधून तळहातास जाणवते, कानाला ऐकू येण्यापूर्वीही. लेखकाच्या गाडीवर ही परीक्षा आधी केली असती तर डावे बेअरिंग वाचले असते. त्यानंतर चाक वर आणि खाली धरून आतबाहेर हलवावे. ढिलाई जाणवली तर सोबत्यास ब्रेक दाबावयास सांगावे: ब्रेक दाबताच ढिलाई गेली तर ती बेअरिंगची, राहिली तर ती बॉल जॉइंटची वा अन्य सांध्याची. डावी-उजवी धरून हलविल्यास मिळणारी ढिलाई बहुतेक वेळा स्टीअरिंगच्या टाय रॉडची असते. जुन्या, नट आवळण्याच्या रचनेत मिलिमीटरच्या शतांशांत मोजण्याजोगी ढिलाई मुद्दाम ठेवलेली असते. सीलबंद बेअरिंगमध्ये हाताला जाणवेल इतकी ढिलाई चालत नाही. परंतु ढिलाई नाही म्हणून बेअरिंग निर्दोष, असे उलट अनुमान काढू नये. आवाज आधी येतो, ढिलाई पुष्कळ नंतर.

ढिलाई आल्यावर दुष्परिणामांची साखळी सुरू होते. ब्रेकची तबकडी डगमगून पॅडना मागे ढकलते आणि पुढच्या वेळी ब्रेकचे पायडल नेहमीपेक्षा खोल जाते. पुष्कळ गाड्यांत चाकाचा वेग मोजणारे चुंबकी वलय बेअरिंगच्या सीलमध्येच असते. ते हलू लागले की एबीएसचा दिवा लागतो आणि वाहनधारक विद्युत् दोष शोधीत बसतो. अखेरीस गोळ्यांचा पिंजरा तुटतो, तुंबा अतिशय तापतो आणि चाक एक तर अडकते, नाही तर तुंब्यासह निखळते. पहिल्या घुमण्यापासून या अवस्थेपर्यंतचे अंतर भार, वेग आणि आत शिरलेले पाणी यांप्रमाणे इतके बदलते की, ‘अजून महिनाभर चालेल’ या आश्वासनास आधार नसतो. कमी वेगात आवाज ऐकू येऊ लागला किंवा घुमण्याचे रूपांतर खडखडाटात झाले, तर गाडी तेथेच थांबवावी.

नवे बेअरिंग बसविताना होणाऱ्या दोन चुका सांगितल्या पाहिजेत, कारण नव्या बेअरिंगचे आयुष्य पुष्कळदा बसविण्याच्या वेळीच संपते. नकलमध्ये बेअरिंग दाबताना जोर बाहेरील कड्यावर द्यावयाचा आणि त्यात तुंबा दाबताना आतील कड्याला आधार द्यावयाचा असतो. जोर चुकीच्या कड्यावर दिला की तो गोळ्यांमधून जातो आणि गाडी रस्त्यावर येण्यापूर्वीच चाकोरीत ठसे उमटतात. हातोड्याने ठोकल्यास तर निश्चितच. ज्यात चुंबकी वलय आहे ते बेअरिंग उलटे बसविल्यास चाक सुरळीत फिरते, पण एबीएसला वेग कळत नाही. दुसरी चूक मधल्या नटाची. पहिल्या पिढीच्या बेअरिंगचे आतील कडे दोन अर्धांचे असते आणि ते दोन अर्ध एकमेकांशी घट्ट राखून योग्य पूर्वभार देण्याचे काम हा नट करतो. तो उत्पादकाने दिलेल्या पिळाइतका मापाच्या पान्याने आवळल्याखेरीज गाडी चाकांवर उतरवून ढकलूही नये, आणि एकदा काढलेला नट बहुतेक रचनांत पुन्हा वापरू नये.